नाव कागदाच्या पाठीमागे

सव्वीस जानेवारीच्या आसपास शाळाशाळांतून एक चित्र हमखास निघतं. मधोमध भारताचा नकाशा. त्याच्याभोवती हातात हात धरून उभी असलेली चार मुलं. एकाच्या डोक्यावर जाळीदार टोपी, एकाला पगडी, एकाच्या गळ्यात क्रॉस, एकाच्या कपाळाला टिळा. वरच्या कोपऱ्यात चोचीत डहाळी धरलेलं पांढरं कबूतर. खाली 'विविधतेत एकता' अशी रंगीत अक्षरं आणि जागा संपल्यामुळे कडेला चेंगरलेला शेवटचा 'ता'. स्पर्धेचा गठ्ठा कुठूनही उपसा, हे चित्र हाती लागतंच. कधी घोषवाक्यही असतं, भाई-भाईचं. चारही भाईच असतात, बहीण क्वचितच सापडते.

यात मुलांना दोष देऊन उपयोग नाही. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली प्रतिज्ञा ती पाठ म्हणतात आणि तिच्यात 'विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे' असं वाक्य आहे. (ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूतली, 1962 सालची, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांची. भाषा ओलांडून ती आपल्या तोंडी बसली हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही.) मुलं 'नटलेल्या' हा शब्द शब्दशः घेतात आणि माणसं नटवून उभी करतात. पण नटलेला माणूस दिसतो लग्नात नाहीतर स्नेहसंमेलनात. एरवी तोच माणूस बनियनवर नळाला बादली लावून उभा असतो. शेजारचं घर वेगळं कुठे आहे आणि आपल्यासारखं कुठे आहे, ते त्या बादलीपाशी कळतं. फेट्यापाशी नाही.

आदर वाढवण्यासाठी म्हणून भरवलेल्या चित्रकला स्पर्धा फसतात त्या बहुधा इथेच. विषय फळ्यावर लिहिला जातो, दोन तास दिले जातात, आणि मूल डोक्यात आधीच तयार असलेलं चित्र कागदावर उतरवून मोकळं होतं. शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमीजिएटला, 'स्मरणचित्र' नावाचा पेपर असतो. बाजार, बसथांबा, पाणवठा असं काहीतरी आठवून काढायचं. आठवायचं म्हणजे आधी पाहिलेलं हवं, ही अट त्या नावातच आहे. सलोख्याच्या स्पर्धेत आपण नेमकी तीच पायरी गाळतो. न पाहिलेल्या माणसाचं स्मरणचित्र मागतो आणि मग सगळी चित्रं सारखी आली म्हणून कुरकुरतो.

असं असताना स्पर्धा घ्यायच्याच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. चेक देशातल्या लिदित्से या गावाचं उदाहरण यावर बरंच काही सांगतं. 10 जून 1942 रोजी नाझींनी हे गाव जमीनदोस्त केलं. गावातल्या 82 मुलांना पुढे खेल्मनोच्या छळछावणीत विषारी वायूने मारण्यात आलं. त्या मुलांच्या आठवणीसाठी 1967 मध्ये तिथे बालचित्रांचं प्रदर्शन सुरू झालं आणि 1973 पासून ते जगभरच्या मुलांना खुलं झालं. भारतातल्या शाळाही तिथे चित्रं पाठवतात. आपल्याकडे व्यंगचित्रकार शंकर पिल्लईंनी 1949 मध्ये दिल्लीतून मुलांची स्पर्धा सुरू केली आणि लवकरच तीही देशोदेशींच्या मुलांसाठी खुली झाली. दोन्हीकडे गृहीत धरलेली गोष्ट साधी आहे: मुलाने आपलं जग नीट काढावं, ते दूरच्या कुणीतरी नीट बघावं. कबुतराची सक्ती कुठेच नाही.

तेव्हा सुरुवात विषयाच्या शब्दांपासून. 'सर्वधर्मसमभाव', 'एकात्मता', 'बंधुता' हे शब्द घटनेत आणि भाषणात शोभतात. चित्राचा विषय म्हणून ते निकामी आहेत, कारण त्यांना आकार नाही. आकार असलेला विषय द्यावा. उदाहरणार्थ: 'माझ्या घरी नसलेली, पण वर्गातल्या कुणाच्या तरी घरी रोज वापरात असलेली एक वस्तू.' किंवा 'वर्गातल्या जोडीदाराच्या घरचा सकाळी सातचा ओटा.' किंवा 'शाळेत रोज दिसणाऱ्या, पण ज्याच्याशी मी कधी बोललो नाही अशा माणसाचे हात.' यातला कुठलाही विषय दिला की नकाशा आपोआप गळून पडतो. ओट्यावर नकाशाला जागाच नसते.

हे दोन तासांत उरकत नाही, तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. मुलांवर सोपवलं तर बाक बदलत नाही, शेजारचाच शेजारी राहतो. एका तासिकेत, म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटांत, दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे. दुसऱ्या आठवड्यात वस्तू शाळेत आणायची किंवा आणता येत नसेल तर घरी जाऊन पाहायची, आणि 2बी पेन्सिलने तीन बाजूंनी तीन कच्ची रेखाटनं करायची: समोरून, वरून आणि वापरताना. तिसरं रेखाटन सर्वांत महत्त्वाचं. वस्तू वापरात दिसली की हात येतो आणि हात आला की माणूस येतो. रंगकाम तिसऱ्या आठवड्यात, दोन तासांचं. त्या वेळी रेखाटनं समोर ठेवू द्यावीत. पाठांतर तपासायचं नाहीये.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट फार बिघडते आणि ती मराठीच्या एका लहानशा शब्दाने बिघडते. मुलं विचारतात, "तुमच्यात काय करतात?" मोठ्यांकडून ऐकलेलंच बोलतात. 'आमच्यात', 'तुमच्यात' म्हणजे काय हे मराठी माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. हा शब्द उच्चारला की समोरचं मूल एकदम आख्ख्या जातीचं किंवा धर्माचं वकीलपत्र घेऊन उभं राहतं. त्याला सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यावं लागतं, आणि मग ते ऐकीव उत्तर देतं. तोच प्रश्न "तुझ्या घरी काय करतात?" असा विचारला की उत्तर खरं येतं: आमच्याकडे चहा बाबा करतात, आजीला दिसत नाही म्हणून डबे ठरलेल्याच जागी असतात. कलाशिक्षकांनी फळ्यावर नियम म्हणून एकच ओळ लिहावी, 'तुमच्यात नाही, तुझ्या घरी'. शिवाय दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात. देव्हारा, जानमाज (नमाज पढायची चटई), क्रॉस, प्रार्थनेची पुस्तकं घरच्यांना विचारल्याशिवाय काढायची नाहीत. आणि एखाद्या मुलाला घर दाखवायचं नसेल तर कारण विचारायचं नाही. त्याने डबा, दप्तर, छत्री यांतलं काही द्यावं. घर न दाखवण्याची कारणं मुलांना असतात.

आमच्या शाळेत सगळे एकाच समाजाचे, मग वेगळेपण आणायचं कुठून, अशी तक्रार येते. तिच्यात फारसा दम नाही. साखर कारखान्याच्या पट्ट्यात हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं त्याच शाळेच्या वाटेवर असतात. गावातल्या मुलाला कोयता हत्यार म्हणून ठाऊक असतो. ऊसतोडीत मात्र नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. ते त्याला दुसरं मूलच सांगू शकतं, आणि ते कळल्यावर त्याच्या चित्रातला कोयता बदलतो, कारण आता त्याला दोन माणसं काढावी लागतात. अंध विद्यार्थ्याची ब्रेल पाटी घ्या. पाटीवर टोचणीने उजवीकडून डावीकडे लिहायचं, कागद उलटायचा, आणि उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचायचे. हे समजून घेतल्याशिवाय ती पाटी काढताच येत नाही. बोटं कुठे ठेवायची, टोचणी कशी धरायची, सगळं चुकतं. तेवढा वेळ जोडीदाराशेजारी बसल्यावर दयेचं चित्र निघत नाही. कामाचं निघतं.

आता रंग. बारा खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबी-नारिंगी कांडी असते. मुलं तिला 'स्किन कलर' म्हणतात. वर्गातल्या चाळीस हातांपैकी एकही हात त्या रंगाचा नसतो, तरी चित्रातली सगळी माणसं त्याच कांडीने भरली जातात. अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या खडूंमध्ये या रंगाचं नावच 'फ्लेश' होतं. 1962 मध्ये ते बदलून 'पीच' केलं गेलं. 2020 मध्ये त्याच कंपनीने त्वचेच्या चोवीस छटांची वेगळी पेटी काढली. आपल्याकडे पेटीची वाट पाहण्याचं कारण नाही, पोस्टर कलर असले की पुरे.

पद्धत अशी. दोन भाग पिवळा आणि एक भाग लाल मिसळून आधी नारिंगी करायचा. त्यात ब्रशच्या टोकाने निळा टोचायचा, अक्षरशः टिंबाएवढा. नारिंगी विझतो आणि तपकिरी होतो. इथून पुढे गव्हाळ हवा असेल तर पिवळा आणि थोडा पांढरा, सावळा हवा असेल तर निळ्याचं आणखी एक टिंब आणि लालाचा हात. काळा घालायचा नाही. मुलांची पहिली धाव काळ्याकडेच असते, आणि काळ्याने पिवळा हिरवट होतो, चेहरा आजारी दिसतो. पांढरा जास्त झाला तर चेहऱ्याला खडू फासल्यासारखं वाटतं. कागदाच्या पट्टीवर एक-एक फटकारा मारून, सुकू देऊन, ती पट्टी आधी स्वतःच्या आणि मग जोडीदाराच्या मनगटाशेजारी धरायची. सुकू देणं गरजेचं, कारण पोस्टर कलर ओला एक दिसतो आणि सुकल्यावर दुसरा. गडद छटा बहुधा उजळतात, फिकट छटा किंचित गडदतात. पहिल्या पट्टीत रंग जुळत नाही. तिसऱ्या-चौथ्या पट्टीला जवळ येतो. तोवर मुलांच्या लक्षात आलेलं असतं की तळहात आणि हाताची मागची बाजू एका रंगाची नसते, आणि 'गोरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाच्या मिश्रणातही निळा पडतोच. एका तासिकेचा हा खेळ आहे. रंगावरून चिडवू नका असं बजावणाऱ्या भाषणांपेक्षा मला तो उपयोगी वाटतो, कारण त्यात कुणाला काही बजावावं लागत नाही.

आणखी एक खड्डा म्हणजे वारली. विविधता दाखवायची म्हटलं की चित्राला चारी बाजूंनी त्रिकोणी माणसांची किनार येते. डहाणू-तलासरीकडे या चित्रांचं मूळ लग्नाच्या चौकात, म्हणजे भिंतीवरच्या चौकोनी मंगलचित्रात आहे. कुडाच्या भिंतीवर गेरू किंवा शेण-माती सारवायची, तांदळाच्या पिठाचं पांढरं करायचं आणि बांबूची काडी चावून तिचा ब्रश करायचा. चौकाच्या आत पालघाट देवी असते आणि तो चौक सवाशिणी लिहितात. हो, लिहितात, काढत नाहीत. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि तिला रोजच्या जगण्याचे विषय दिले. हे सगळं गाळून नुसते त्रिकोण उचलले की दुसऱ्याची भाषा बोलता न येता तिचे हेल काढल्यासारखं होतं. उलट बाजूने, आश्रमशाळेतल्या मुलाने वारलीच काढावी ही अपेक्षाही तेवढीच आडमुठी. त्याला मोटारसायकल काढायची असेल तर काढू द्यावी. नियमपत्रात एक कलम पुरतं: दुसऱ्या समाजाची शैली वापरली असेल तर ती कुणाची, कुठे पाहिली आणि इथे का घेतली हे मागे दोन ओळींत लिहावं. कारण सुचलं नाही तर मूल आपणच किनार खोडतं.

स्पर्धेच्या दिवसाची मांडणी हाही या विषयाचाच भाग आहे, पण तो शिपायावर सोडला जातो. शुक्रवारची दुपार टाळावी. वसईत आणि गोव्यात रविवारची सकाळ टाळावी. कागद संयोजकांनीच द्यावा, सगळ्यांना एकच: कार्ट्रिज पेपरचं पाव शीट, सुमारे अकरा बाय पंधरा इंच. घरून आणायला सांगितलं की जाड हँडमेड आणि वहीचं पान शेजारी शेजारी येतात आणि निकाल तिथेच अर्धा लागतो. रंगांचंही तेच: चार मुलांत एक संच, प्रत्येकाला दोन मग, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा. प्रत्येक बाटलीवर रंगाचं नाव मोठ्या अक्षरात चिकटवावं. लाल-हिरव्यात फरक न दिसणारी मुलं बहुतेक वर्गांत निघतात आणि पुष्कळदा त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. वाचून रंग घेता आला की हिरवा चेहरा होत नाही आणि हसंही होत नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी 'दहा मिनिटं उरली' हे ओरडण्याबरोबर फळ्यावर लिहावं आणि दिवा दोनदा उघड-मीट करावा. लेखी परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, तोच हिशोब इथे धरावा. दृष्टी नसलेल्या मुलाला शाडूची माती द्यावी, साधारण एक किलो, आणि त्याचं काम वेगळ्या 'विशेष' गटात न टाकता सगळ्यांबरोबर मांडावं. खाऊ म्हणून केळं उत्तम, उपवासालाही चालतं. रमजान असेल तर रोजा धरणाऱ्या मुलाच्या हातात ते पिशवीत घालून न बोलता द्यावं.

नाव मात्र पुढे लिहून घ्यायचं नाही. आपल्याकडे आडनाव म्हणजे निम्मी ओळखपरेड. परीक्षक कितीही सज्जन असला तरी टोपीचं चित्र कुणी काढलंय हे कळल्यावर त्याची नजर बदलते: 'मुसलमान मुलाने मंदिर काढलं, वा!' म्हणून दोन गुण चढतात, नाहीतर 'याने स्वतःचंच काढलं' म्हणून दोन उतरतात. म्हणून नाव कागदाच्या पाठीमागे खालच्या कोपऱ्यात, वर घडी घालून चिकटपट्टी, आणि पुढे फक्त क्रमांक. शाळेचा शिक्का तर पुढे नकोच. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, शिक्क्याची लिपीसुद्धा बोलते.

परीक्षक तीन असावेत, त्यांतला किमान एक चित्रकार नसावा आणि एकाला स्पर्धकांच्या दुसऱ्या एखाद्या भाषेची लिपी यावी. उर्दू माध्यमाचं मूल चार चौकटींत गोष्ट काढतं तेव्हा पहिली चौकट बहुधा उजवीकडे असते. हे न ओळखणारा परीक्षक गोष्ट शेवटाकडून वाचतो, त्याला आधी समेट आणि मग भांडण दिसतं, आणि तो 'आशय अस्पष्ट' असा शेरा मारतो.

चारशे चित्रं असतील तर ती गठ्ठ्यात पाहू नयेत. गठ्ठ्यात वरची पन्नास गुण खातात आणि खालची पन्नास झोपेत तपासली जातात. दोन मोठ्या वर्गांतले बाक काढून जमिनीवर मांडावीत, मध्ये पाय ठेवण्यापुरती वाट. पहिल्या फेरीत कुणी बोलायचं नाही आणि गुणही द्यायचे नाहीत, नुसतं फिरायचं. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने चाळीस चित्रांवर खडा ठेवायचा. तिसऱ्या फेरीत खडा पडलेल्या चित्रांनाच गुण. शंभरातले चाळीस निरीक्षणाला, तीस रचनेला, वीस रंगकामाला, दहा कागदामागे लिहिलेल्या टिपणाला. दोन परीक्षकांत वीसहून जास्त फरक पडला तर सरासरी काढून मोकळं होऊ नये, दोघांनी चित्रासमोर उभं राहून बोलावं. अशा वेळी एकाला काहीतरी दिसलेलं असतं.

क्लासमध्ये गिरवलेलं चित्र ओळखणं अवघड नाही. दहा कागदांवर तेच नाक, तीच बदामी डोळ्यांची जोडी, रेषेचा दाब कुठेच कमी-जास्त नाही. त्यापेक्षा अवघड आहे हातांकडे बघणं. वेगळ्या माणसाला 'मदत' करणारी चित्रं ढिगाने येतात: चाकाच्या खुर्चीतला मुलगा, त्याला ढकलणारा मित्र, झोपडीतली मुलगी, तिला वही देणारी ताई. देणारा हात वर, घेणारा खाली. देणाऱ्याचा चेहरा पूर्ण रंगवलेला, घेणाऱ्याचा पाठमोरा. मूल मनाने चांगलंच असतं, पण त्या चित्रात समोरचा माणूस नुसता खोळंबलेला असतो. तोच चाकाच्या खुर्चीतला मुलगा चित्रात कॅरमची राणी घेताना दिसला, आणि मित्र तोंड पाडून बसला असेल, तर तिथे खुशाल निरीक्षणाचे चाळीसच्या चाळीस द्यावेत. परीक्षकांना नेमकी हीच गोष्ट आधी सांगून ठेवावी लागते, कारण सवयीने ते सुबक रंगकामाकडे झुकतात.

पहिला-दुसरा-तिसरा काढावा की नाही यावर शिक्षकांत दुमत आहे. जोडीने पाहिलेलं असताना एकालाच ढाल देणं विचित्र दिसतं हे खरं. वस्तू दाखवणाऱ्या जोडीदाराचं नाव प्रमाणपत्रावर दुसऱ्या ओळीत छापलं तर निम्मा प्रश्न सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी क्रमांक कमी आणि उल्लेखनीय चित्रं जास्त ठेवावीत.

प्रदर्शनात चित्रं मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावीत, मध्य साधारण चार फुटांवर. पाहुण्यांच्या उंचीवर नव्हे. आडनावाची घडी आता उघडायला हरकत नाही. शेवटी चित्रं परत करायची असतात, आणि इथे सगळ्यांचाच उत्साह संपलेला असतो. ती कपाटावर गुंडाळून पडतात, पावसाळ्यात कसर लागते, पुढच्या वर्षी रद्दीत जातात. त्यापेक्षा निकालानंतर आठवड्याभरात वाटून टाकावीत, आणि काढणाऱ्याला नाही तर ज्याच्या घरची वस्तू काढली त्याला द्यावीत. रबरबँड लावू नये, कागदाला कायमची खाच पडते. रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळी करायची, म्हणजे पोस्टर कलरचे पोपडे निघत नाहीत. वर वर्तमानपत्राचं पान, आणि दोन टोकांना सुती दोरा.